दस्तीखालचा हात

तातेरावच्या संध्यानं भर बाजारात एका परक्या बाप्याच्या हातात हात दिला, वरून दस्ती टाकली, आणि चहा निवून त्यावर साय धरली तरी सोडला न्हाई.

वाटूर फाट्यावर ही बातमी पोचली तेव्हा एवढीच होती. आष्टीत गेली तेव्हा तो बाप्या बिजवर निघाला. तीर्थपुरीला पोचेस्तोवर दोघांचं कोर्टात लग्न लागलं होतं आणि पोरीच्या आईनं म्हणे अन्नपाणी सोडलं होतं. अन्नपाणी सोडलेल्या गिरिजाबाईंना मी त्याच दिवशी बाजारात बसून गरम भजे खाताना पाह्यलं होतं. पण चवदार बातमीला आपल्याकडं कुणी पुरावा मागत न्हाई.

काहींना त्यातला बाईचा हात खुपला. काहींना तो कोणत्या वस्तीतला हात आहे, हे खुपलं. पहिली गोष्ट सगळे मोठ्यानं बोलले. दुसरी बोलताना आवाज आपोआप खाली जात होता, आणि तेवढ्यावरून मला कोण कशासाठी तळमळू राह्यलं ते बराबर कळत होतं.

आता संध्या कोण ते सांगतो.

तिचा बाप तातेराव एसटीत कंडक्टर होता. आपल्या भागाची एक खोड तुम्हाला माहीतच असेल. इथं रस्ता विचारा, ‘माहीत न्हाई’ असं कुणी म्हणणार न्हाई. परतूरला जायचं म्हणाल तर माणूस हात वर करून अशा ठसक्यानं दिशा दाखवील की जणू परतूर त्याच्या आजानंच वसवलं. मंग तुम्ही भलत्याच गावच्या नदीत का उतरेनात. चुकीचं सांगण्यात कमीपणा न्हाई. ‘माहीत न्हाई’ म्हणण्यात मात्र घराण्याची अब्रू जाते. अशा मुलखात तातेराव हा एकटा असा निघाला, की गाडी कधी येणार विचारलं तर म्हणायचा, “माहीत न्हाई. डेपोत विचारून सांगतो.” आणि खरंच विचारून यायचा. लोक त्याला हसायचे. कंडक्टर असून ह्याला गाडीची खबर न्हाई, म्हणायचे. शेजारचा पानवाला मात्र “आलीच बघा, आलीच” म्हणून दिवसभर लोकांना उभं ठेवायचा. त्याला सगळे जाणकार समजायचे.

ही खोड पोरीनं बापाकडून उचलली. शाळेत गुरुजींनी विचारलं की बाकीची पोरं काहीतरी ठोकून द्यायची, ही उभी राहून सांगायची, “माहीत न्हाई, गुरुजी.” वर विचारायची, “तुम्हाला माहितीय का?” ह्या दुसऱ्या वाक्यापायी तिनं छड्या खाल्ल्या. पण खोड गेली न्हाई.

पुढं ती संभाजीनगरला शिकली आणि जालन्यात राधेश्याम शेठच्या कंपनीत लागली. शेठचा बाप बियाणं विकायचा, शेठ सॉफ्टवेअर विकतो. दोन्ही धंद्यांत उगवल्याशिवाय कळत न्हाई काय विकत घेतलं ते. संध्याचं काम काय, तर सॉफ्टवेअर बनवायच्या आधी गिऱ्हाइकाला नेमकं काय पाह्यजे ते विचारून कागदावर उतरवायचं. घर बांधायच्या आधी नकाशा काढतात ना, तसं. त्या कागदाला ते लोक रिक्वायरमेंट म्हणतात. त्यात लिहिलं तेच पुढं मशिनीत उतरतं; न लिहिलेलं उतरत न्हाई, आणि चुकीचं लिहिलेलं तर हमखास उतरतं.

आता आमच्याकडं आष्टी आणि वाटूरच्या मधी एका गावी जनावरांचा बाजार भरतो. गावाचं नाव मी घेत न्हाई, कारण तो बाजार भरवणाऱ्या मंडळातले दोन जण अजून मला पान खाऊ घालतात. त्या मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब. पांढरं धोतर, सोन्याची अंगठी, आणि कोणत्याही प्रश्नाला प्रश्न संपायच्या आत उत्तर. त्यांनी दुसऱ्या एका बाजारात मशिनीतून पावती फरफर बाहेर पडताना पाह्यली आणि त्यांच्या मनानं घेतलं, आपल्याकडंही पाह्यजे. काम राधेश्याम शेठला मिळालं. शेठनं संध्याला धाडलं.

पोरगी दर सोमवारी बाजारात यायला लागली. पायात बूट, पाठीला पिशवी, शेणातून वाट काढत सगळ्यांना एकच विचारायची, “दादा, जनावर विकलं गेलं असं नेमकं कधी म्हणायचं?”

तुम्ही म्हणाल, ह्यात विचारायचं काय? काकासाहेबही तेच म्हणाले. “पैसे हातात पडले की विकलं. लिही.”

मच्छिंद्र दलाल म्हणाला, “पैशाचं काय खरं असतं, ताई? दावं हातात दिलं की विकलं.”

आणि एक म्हातारा म्हणाला, “बोली फिटली की विकलं.”

तिथं ही पोरगी थांबली. कारण आमच्याकडं दुभतं जनावर असंच कुणी घेत न्हाई. विकणारा म्हणतो, इतकं दूध देती, लाथ मारत न्हाई. घेणारा म्हणतो, घरी नेऊन बघतो, न्हाई पटलं तर परत आणीन. ह्याला बोली म्हणतात. तोवर म्हैस घेणाऱ्याच्या दारात, पण मन विकणाऱ्याच्या दावणीला. संध्यानं विचारलं, ही बोली किती दिवसांची? एक म्हणाला, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या धारेपर्यंत. दुसरा म्हणाला, पुढच्या बाजारापर्यंत. तिसरा म्हणाला, अमुशापर्यंत. प्रत्येकजण असं छातीवर हात ठेवून सांगू राह्यला होता की जणू बाकीचे दोघं बाजारात आजच आलेत.

भाव विचारला तर सगळे मुके. कारण भाव आमच्याकडं तोंडानं होत न्हाई. दलाल खांद्यावरचा रुमाल, म्हणजे दस्ती, दोघांच्या हातांवर टाकतो, आणि तिच्याखाली बोटं दाबून बोलणं होतं, भावाचंही आणि बोलीचंही. बघणाऱ्याला फक्त दस्ती हललेली दिसते.

संध्यानं कागद लिहिला. त्यात बोलीच्या जागी लिहिलं: माहीत नाही. पुढं लिहिलं, हे कोण सांगणार: काकासाहेब. आणि त्याखाली, ते ठरेपर्यंत असं धरलं आहे की जनावर ‘बोलीवर’ आहे; विकलेलंही नाही आणि विकायचं राहिलेलंही नाही. अशा जागा त्या कागदात बऱ्याच होत्या, आणि निम्म्यांपुढं काकासाहेबांचं नाव.

शेठनं कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे मला त्यांच्याच ऑफिसात चहा देणाऱ्यानं सांगितलं, म्हणून खरं मानतो.

“अरे बेटा, हे काय लिहून राह्यली तू? माहीत न्हाई, माहीत न्हाई. गिऱ्हाईक पैसे देतं ते उत्तराचे. प्रश्न तर त्याच्याकडं फुकट पडलेत.”

“शेठ, मंग खोटं लिहू?”

“खोटं कोण म्हणतंय? अंदाज लिही. दोन दिवस लिही. दोन दिवसांत बिलकुल समजतं.”

“लिहिते. पण आधी ‘अंदाज’ असा शब्द घालते.”

“तो शब्द घातला की अंदाज कशाला राह्यला!” शेठ ओरडला.

शेठच्या मनात होती साधी पावती. पैसे दिले, बटण दाबलं, पावती बाहेर: ‘व्यवहार पूर्ण. जनावर परत घेतले जाणार नाही.’ संध्याचं म्हणणं, हा कागद हातात पडला की उद्या कुणी लाथाडी म्हैस परत घेऊन आला तर त्याला बोली कुणी विचारणार न्हाई, छापलेलं दाखवतील. बोली तोंडची, पावती मशिनीची. भांडणात कुणाचं चालेल?

शेठनं एकच सांगितलं. सोमवारी मंडळाची बैठक आहे. तोवर प्रत्येक ‘माहीत नाही’च्या जागी काहीतरी पाह्यजे, आणि खाली संध्याची सही. न्हाईतर कागद कल्याणकडं जाईल आणि संध्या घरी. कल्याण म्हणजे ह्याच कंपनीतला पोरगा. जगात त्याला माहीत न्हाई असं काही न्हाई. त्याचे कागद वाचून शेठला झोप लागायची. पुढं सॉफ्टवेअर चालू झालं की गिऱ्हाइकाची उडायची, तो भाग वेगळा.

रविवारी संध्या गावी आल्ती. आईला म्हणाली, “आई, सही करून टाकू का? नोकरी जाईल.”

गिरिजाबाई भाकरी थापू राह्यल्या होत्या. म्हणाल्या, “तुझ्या बापानं जन्मभर तिकीटं फाडली. ज्या गावाला गाडी जात न्हाई त्या गावाचं फाडलं का कधी?”

तातेराव खाटेवरून म्हणाला, “आपल्याला मेमो किती मिळाले तेही सांग तिला.”

“मिळू दे तिलाबी,” गिरिजाबाई म्हणाल्या, “आणि सोमवारी मीबी येते बाजारात. म्हैस घ्यायचीच हाये आपल्याला.”

सोमवारच्या बैठकीला मीही होतो. मी मंडळात न्हाई, पण त्यांच्या चहात आहे. काकासाहेब खुर्चीत, शेजारी राधेश्याम शेठ घाम पुसत, दलालांच्या वतीनं मच्छिंद्र, आणि समोर ही पोरगी, हातात तो कागद. एकही जागा तिनं भरलेली न्हाई.

काकासाहेबांनी आपलं नाव इतक्यांदा पाह्यलं आणि हसले. “काय गं पोरी, माझं निवडणुकीचं पत्रक काढलं का काय? पानापानावर मीच!”

सगळे हसले. शेठ सगळ्यात जास्त.

“काका, उत्तर तुमच्याकडं हाये म्हणून नाव तुमचं,” संध्या म्हणाली. “बोली किती दिवसांची?”

“आठवडा. लिही. ह्यात काय विचारायचं?”

“लिहिते.” तिनं पेन पुढं केला. “इथं तुमची सही पाह्यजे. आठवडा म्हणजे आठवडा, सगळ्यांना सारखा. तुमच्या गोठ्यातल्या जनावरांनाबी.”

काकासाहेबांचा हात अंगठीपाशी थांबला. “सही कशाला? मी सांगू राह्यलो ना.”

“तुम्ही सांगितलं हे मी लिहिलं तर ते माझं होतं. तुमचंच असू द्या.”

शेठ मधी पडला. “काकासाहेब, लहान आहे, मी बघतो. कल्याण म्हणून आमचा एक होशियार पोरगा...”

तेवढ्यात मच्छिंद्र म्हणाला, “आठवडा कोण देतं हो? मी इतकी जनावरं विकली, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या धारेपुढं माझी बोली कधी गेली न्हाई. आईची आण.”

“मंग मी खोटं बोलू राह्यलो का?” काकासाहेब.

“तसं न्हाई, पण रिवाज तो रिवाज.”

“रिवाज मी ठरवला!”

“तुमच्या आधी माझ्या बापानं!”

दोघांची जुंपली. एक सदस्य अमुशा अमुशा म्हणत मधी घुसला, त्याला दोघांनी मिळून गप्प केलं. तेवढ्यात चहा आला. मी आपला कप उचलला आणि भिंतीला टेकून बसलो. तमाशाला असा फुकट टेका रोज मिळत न्हाई. काकासाहेब म्हणाले, थोडं थंड होऊ द्या सगळं. मच्छिंद्र पिंक टाकायला बाहेर गेला. संध्या तिचा कप खिडकीत ठेवून त्याच्या मागं गेली.

मी खिडकीपाशीच होतो. समोर निंबाखाली गिरिजाबाई कपाळावर चांद असलेल्या एका म्हशीजवळ उभ्या. विकणाऱ्याच्या वतीनं मच्छिंद्रच. त्याला वाटलं, बाईमाणूस हाये, तोंडी सांगून टाकू. संध्यानं मान हलवली आणि उजवा हात पुढं केला. मच्छिंद्र इकडं बघतो, तिकडं बघतो. पोरगी हात मागं घेईना. शेवटी त्यानं दस्ती टाकली.

बाजार थांबला म्हणा ना. बैलाचे दात बघणारे बैलाचं तोंड उघडंच धरून राह्यले. कोपऱ्यातला एकजण ओरडला, “मच्छिंद्रा, सांभाळून, लेका! घरी कळंल!” कुणी शिट्टी वाजवली. गिरिजाबाई भजे खाता खाता त्या शिट्टीवाल्याकडं वळून म्हणाल्या, “वाजव, वाजव. म्हशीलाबी जरा वारं लागू दे.” दस्ती हलायची, थांबायची, परत हलायची. मच्छिंद्रच्या कपाळाला आठ्या. संध्या एकदा मोकळं हसली. तिच्या चहावर साय धरली, माशीही बसून गेली. एवढा वेळ कुणाचा सौदा चाललेला मी पाह्यला नव्हता, आणि बाजारातल्या अर्ध्या लोकांनी तिथंच पुढची गोष्ट रचून टाकली.

मंग दस्ती निघाली. संध्या आत आली, मागून मच्छिंद्र, पडेल चेहऱ्यानं.

“काका,” ती म्हणाली, “आत्ता एक सौदा झाला. भाव मी सांगणार न्हाई. दस्तीखालचा भाव दस्तीखाली. पण बोली सांगते. माझ्या आईच्या हातच्या चार धारा. आणि लाथ मारली तर त्यापुढंबी परत. मच्छिंद्रभाऊंनी दिलीय.”

सगळे मच्छिंद्रकडं बघू राह्यले. आत्ताच तर आईची आण घेतल्ती.

“ते... म्हशीला नवी माणसं लागली की ती दूध चोरती, म्हणून,” मच्छिंद्र पुटपुटला. “ते आपलं ह्यांच्यापुरतं.”

“मंग हे ‘ह्यांच्यापुरतं’ कुठं लिहू?” संध्या म्हणाली. “तुमच्या बाजारात सकाळची धार, आठवडा, अमुशा असं ठरलेलं काही न्हाईच. दर सौद्याला दस्तीखाली वेगळी बोली ठरती. ती फक्त त्या दोघांना माहीत असती. तुम्हाला माहीत न्हाई, मला माहीत न्हाई, शेठला माहीत न्हाई. कल्याण सरांना तर त्याहून माहीत न्हाई. म्हणून ती जागा आपण भरायची न्हाई. ती त्या दोघांनी भरायची, पावती घेताना. तोवर पावतीवर ‘बोलीवर’ छापायचं. ‘व्यवहार पूर्ण’ म्हणून मी सही करणार न्हाई. नोकरी घ्यायची तर घ्या, शेठ. पण माझ्या नावानं खोटं छापू नका.”

ती खाली बसली आणि तो साय धरलेला चहा एका घोटात प्यायली. माशीचं मी तिला सांगितलं न्हाई.

काकासाहेबांनी कागद उचलून परत एकदा वाचला. उत्तर द्यायच्या आधी ते काही वाचतात, हे मी पहिल्यांदा पाह्यलं. मंग म्हणाले, “शेठ, तुमचा तो दुसरा पोरगा, त्याला सगळंच माहीत असतं म्हणता?”

“सगळं!” शेठ आशेनं म्हणाला.

“त्याला नका धाडू. एक मी हाये तेवढा पुरे.”

कागद संध्याचाच राह्यला. नोकरीही राह्यली, शेठ आजही तिचं नाव काढलं की उसासा टाकतो आणि पगार देतो. पावतीवर आता विकलेलं आणि न विकलेलं ह्यांच्या मधला तिसरा शब्द येतो: ‘बोलीवर’. शेजारी मोकळी जागा असते, ती दोघं मिळून भरतात. लाथाड्या म्हशी दोन-चार परतही आल्या, आणि भांडण झालं ते नेहमीएवढंच. छापील कागद कुणाच्या तोंडावर फेकला गेला न्हाई. संध्याच्या कागदात भावाची जागा मात्र अजून तशीच आहे. तिथं अजून लिहिलेलं आहे, माहीत नाही, आणि पुढं काकासाहेबांचं नाव. संध्या आली की विचारते. ते चष्मा लावून बघतात आणि म्हणतात, पुढच्या बाजारी सांगतो.

बातमीचं काय झालं विचाराल. बातमी फिरली. तातेरावच्या एका सोयऱ्यानं फोन करून सांगितलं, पोरीला म्हणावं खुलासा कर, तिच्या लग्नाचं बोलणं अडू राह्यलंय. संध्या म्हणाली, “जो एवढ्यानं अडतो तो आधीच अडू दे. किती घरी जाऊन सांगू?” आणि पुढच्या सोमवारी ती त्याच निंबाखाली, त्याच मच्छिंद्रसोबत, सगळ्यांसमोर चहा पीत बसली. हात पुढं करून म्हणाली, “भाऊ, परवाची शिकवणी विसरले का बघा.” बाजार परत थांबला. ह्या वेळी शिट्टी कुणी वाजवली न्हाई.

त्या दिवशी दस्तीखाली एवढा वेळ काय चाललं होतं, ते मी मच्छिंद्रला पान चारून विचारलं, गिरिजाबाईंना विचारलं, आणि शेवटी संध्यालाच विचारलं. तिघांनी एकच सांगितलं.

संध्या आईसाठी म्हैस घेत होती. दस्तीखालच्या बोटांच्या खुणा तिला माहीत नव्हत्या, तसं तिनं मच्छिंद्रला सांगितलं, आणि त्यानं त्या शिकवल्या. म्हणून वेळ लागला.